आरक्षण पडलेला प्लॉट ४० लाखांना देऊन मोकळं व्हावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र लांब आहे पण त्यात जवळजवळ सगळं आलंय, त्यामुळे बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. चऱ्होलीच्या बाजूला ६ गुंठ्यांचा प्लॉट, २००४ ला अडीच लाखांत घेतलेला, सातबारा स्वतंत्र आणि फक्त तुमच्या नावावर. मे २०२५ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा आला आणि जिथे आधी रहिवासी झोन होता तिथे खेळाच्या मैदानाचं आरक्षण दिसलं. तुम्ही मुदतीत हरकत नोंदवली, पावती आहे. आता एक एजंट ४० लाख द्यायला तयार आहे, आठ दिवसांत सांगा म्हणतो, आणि दुसरा एक जण म्हणतो ३ लाख द्या, आरक्षण उठवून देतो. होम लोन १४ लाख बाकी, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मिस्टरांची नोकरी अजून सात वर्षं. तुमचं वय ५२. प्रश्न एकच, की "जे मिळतंय ते घेऊन मोकळं व्हावं का".

४० ला देऊ नका. विकूच नका असं मात्र मी म्हणत नाहीये, ते खाली येतंच.

आधी हा कागद नेमका काय आहे ते बघू, कारण सगळी भीती तिथूनच सुरू झालीय. तुम्ही जे बघितलं तो प्रारूप आराखडा आहे. एमआरटीपी कायद्याप्रमाणे (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) आधी प्रारूप प्रसिद्ध होतो, मग हरकती-सूचना, मग नियोजन समितीपुढे सुनावणी, मग बदल करून शासनाकडे, आणि शासनाने मंजूर केला की तो अंतिम. शासन पण त्यात अजून फेरबदल करू शकतं, आणि मोठे फेरबदल असले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवतात. या सगळ्यात वर्षं जातात हो. पुणे शहराच्या जुन्या हद्दीचंच बघा, १९८७ च्या आराखड्यानंतर नवीन प्रारूप आला २०१३ ला, त्यावर ८० हजारांच्या वर हरकती आल्या, २०१५ ला शासनाने तो महापालिकेकडून स्वतःकडे काढून घेतला आणि मंजूर झाला जानेवारी २०१७ ला, ते पण काही भाग बाजूला ठेवून. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप तर दोन-तीन महिन्यांतच चुकांमुळे मागे घ्यावा लागला, नव्याने करून २०१८ मध्ये लागू झाला. आणि तुमच्या अगदी शेजारचं पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), २०२१ ला प्रारूप आला, गावोगावचे एजंट "आता आर झोन (रहिवासी) झाला" म्हणून प्लॉट विकत फिरले, आणि २०२५ मध्ये शासनाने आख्खा प्रारूपच रद्द केला. ज्यांनी नकाशातल्या त्या झोनच्या रंगावर पैसे मोजले ते आज सातबारा हातात धरून बसलेत. तुमची बाजू त्यांच्या उलटी आहे, त्यांनी प्रारूप बघून महाग घेतलं आणि तुम्ही प्रारूप बघून स्वस्तात द्यायला निघालात. दोन्हीकडे घोळ तोच, मंजूर न झालेल्या रंगाला भाव दिला.

आरक्षण नक्की उठेल असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या महापालिकेत ५० हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, सगळ्यांच्या मान्य होणार नाहीत, आणि मैदानं-बागा कुठेतरी लागणारच. शिवाय प्रारूपात आरक्षण आहे तोवर बांधकाम परवानगी मिळणार नाही असंच धरून चाला, परवानगी देताना प्रारूपही बघावाच लागतो. म्हणजे प्लॉट सध्या गोठलाय हे खरं.

आता मला सांगा, एवढा गोठलेला प्लॉट त्या एजंटला कशाला हवाय? हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलाच नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे. आरक्षित जागा महापालिकेला दिली की मोबदला रोख मिळण्यापेक्षा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवर जास्तीचं बांधकाम करायचा, बिल्डरला विकता येणारा हक्क, मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण रोख द्यायला महापालिकांकडे पैसा नसतो. राज्याच्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या जागेला क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर आहे. तुमचे ६ गुंठे म्हणजे साधारण ६०७ चौरस मीटर, म्हणजे १२१४ चौरस मीटरचा टीडीआर. तुम्हीच लिहिलंय की रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) प्लॉटची किंमत ७० लाख निघते. तोच दर धरला तर टीडीआरची कागदावरची किंमत होते १ कोटी ४० लाख. बाजारात एवढे कोणी देत नाही, बिल्डर घासाघीस करतो, आणि टीडीआर जिथे वापरायचा तिथल्या रेकनर दराप्रमाणे क्षेत्र कमी-जास्त होतं. पण समजा अर्ध्या भावात गेला तरी ७० लाख. म्हणजे आरक्षण उठलं तर रहिवासी प्लॉट त्याच्या हातात, नाही उठलं तर टीडीआर, त्याचं दोन्हीकडून जमतंय. तुम्हाला "डेड प्लॉट आहे मॅडम" सांगणारा माणूस ४० लाख उगाच नाही गुंतवत.

टॅक्सचं तर त्याने तुम्हाला साफ चुकीचं सांगितलंय. "सातबारा आहे म्हणजे शेतजमीन, टॅक्स लागत नाही" हे खेड्यातल्या जमिनीला ठीक आहे, महापालिका हद्दीतल्या जमिनीला नाही. तुमचा प्लॉट हद्दीत आहे, सातबाऱ्यावर पीक-पाहणी काहीही लिहिलेली असो, भांडवली नफ्यावर टॅक्स लागणारच. आणि इथेच मेख आहे. रेडी रेकनरची किंमत तुमच्या विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आयकर खातं तुम्हाला मिळालेले ४० लाख बघत नाही, रेकनरचे ७० लाख मिळाले असं धरतं. मग नफा ७० वजा अडीच, साडेसदुसष्ट लाख. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ८ लाख ४४ हजार, वर उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेलं म्हणून सरचार्ज, मग सेस, एकूण साडेनऊ लाखांच्या पुढे. (२०२४ च्या आधीची खरेदी असल्यामुळे इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) घेऊन २० टक्क्यांचा पर्यायही आहे, पण तुमच्या आकड्यांत तो आणखी महाग पडतो, मी करून बघितलं.) म्हणजे ४० लाखांतले हातात राहतात ३० च्या आसपास. आरक्षण असल्यामुळे खरी किंमत कमी आहे, व्हॅल्युएशन ऑफिसरकडे पाठवा, अशी मागणी आयकर अधिकाऱ्याकडे करता येते, पण ते भांडण विक्रीनंतर सुरू होतं आणि तुम्हालाच भांडायचं असतं, एजंट तेव्हा फोन पण उचलणार नाही.

कॅपिटल गेनचे बॉण्ड घेऊन टॅक्स कमी करता येतो, सहा महिन्यांच्या आत, ५० लाखांपर्यंत. पण ते पैसे पाच वर्षं अडकतात. तुम्हाला तर लोन फेडायचंय, आणि जुनं होम लोन फेडलं म्हणून कॅपिटल गेनमध्ये सूट मिळत नाही, हा गैरसमज इतक्या लोकांचा आहे की मी आता मोजणं सोडलंय.

बरं, आता उलट बाजू, कारण तुम्हाला नुसतं थांबा म्हणणं सोपं आहे. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं? समजा आराखडा मंजूर व्हायला चार वर्षं लागली, आरक्षण कायम राहिलं, महापालिकेने काहीच केलं नाही. मग मंजुरीपासून दहा वर्षं थांबायचं, त्यानंतर एमआरटीपीच्या कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे "जागा घ्या नाहीतर सोडा" अशी नोटीस, द्यायची, आणि २४ महिन्यांत संपादन झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. झाली सोळा वर्षं, तुम्ही ६८ च्या. कोर्टांचा कल अशा वेळी बऱ्यापैकी मालकाच्या बाजूने राहिलाय, २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टाने तीन दशकं आरक्षणात अडकवून ठेवलेल्या जागेच्या प्रकरणात मालकांच्या बाजूने निकाल दिला, पण कोर्टापर्यंत जाणं म्हणजे वकील आणि वर्षं. तेच आजचे ३० लाख ७ टक्क्यांनी सोळा वर्षं ठेवले तर ८८ लाखांच्या आसपास होतात, व्याजावरचा टॅक्स वेगळा. म्हणजे थांबणं फुकट नाही, हे डोक्यात असू द्या.

मग तरी थांबा का म्हणतोय? तुमच्या घराला हे पैसे आत्ता लागत नाहीयेत म्हणून. हप्ता पगारात बसतोय, मुलीची फी बाजूला काढलेली आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि १४ लाखांचं लोन सात वर्षांत दरवर्षी एखादा जास्तीचा हप्ता भरून आरामात संपेल. हाच प्लॉट चार चुलतभावांत सामाईक असता, किंवा घरात मोठं आजारपण असतं, किंवा निवृत्तीसाठी दुसरं काहीच नसतं, तर मी ४५-५० ला पण द्या म्हणालो असतो.

माझा आकडा ६४ लाख. हवेतून नाही काढला, ६४ च्या पुढे गेलात की रेकनरचे ७० लाख ११० टक्क्यांच्या आत येतात आणि टॅक्स खऱ्या किमतीवर लागतो, हातात ५५ च्या आसपास राहतात. त्या भावाला कोणी आला, पूर्ण रक्कम बँकेतून, सरळ रजिस्टर खरेदीखत, तर द्या आणि मागे वळून बघू नका. पण विसार घेऊन पॉवर ऑफ अॅटर्नी, किंवा ५ लाख आत्ता आणि बाकी "आरक्षण उठल्यावर", असलं काही नको. कुलमुखत्यारपत्र गेलं की प्लॉट गेल्यात जमा, आणि हरकतीच्या सुनावणीला पण तोच माणूस उभा राहील तुमच्या नावाने.

३ लाखवाल्याबद्दल जास्त लिहीत नाही. आरक्षण उठवायचा अधिकार त्याच्याकडे नाही. हरकत मान्य झाली तर तो म्हणणार मीच केलं, नाही झाली तर पैसे "वर दिले". अशा प्रत्येक आराखड्यात ही मंडळी उगवतात.

या महिन्यात करायची कामं सांगतो. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, दोन्ही आराखड्यांचा, जुना मंजूर आणि नवीन प्रारूप. मोजणी झालेली नसेल तर भूमी अभिलेखला अर्ज टाका, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात हवी, कारण आरक्षणाची रेघ बऱ्याचदा आख्ख्या प्लॉटवरून जात नाही, अर्ध्यावरूनच जाते, आणि तसं निघालं तर वरचे सगळे आकडे बदलतील, मला परत लिहा. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी पण हरकत घेतली असेल तर एकत्र बसा, सुनावणीत एकट्याचं रडगाणं फार चालत नाही, पण "याच परिसरात महापालिकेची किंवा सरकारी मोकळी जागा आहे, मैदान तिथे करा" असं गट नंबर देऊन सांगितलं की निदान नोंद तरी होते. सुनावणीचं पत्र चुकवू नका, पत्ता बदलला असेल तर लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या. एखाद्या स्थानिक आर्किटेक्टला भेटून तुमच्या भागात टीडीआर सध्या काय भावाने जातोय ते विचारा, त्याची फी हजारांत जाईल, लाखांत नाही.

आणि एजंटला आठ दिवस थांबायची गरज नाही, उद्याच फोन करा. म्हणावं ६५, चेक, खरेदीखत. तो हसला तर हसू द्या, चारेक महिन्यांनी परत फोन आला तर मला कळवा.