गोचिडांच्या अभ्यासाकडे जाणारी वाट

प्रश्न : मी सावंतवाडी तालुक्यात राहते आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. २०१६-१७ पासून काजूचा हंगाम आला की आमच्याकडे माकडतापाची धास्ती असते. कीटक आणि गोचिडांमुळे पसरणाऱ्या रोगांवर पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. वैद्यकशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थिनीला हे जमेल का?
– एक वाचक

उत्तर : जमेल. या विषयात प्राणिशास्त्र ही उणीव नसून भांडवल आहे. माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगलाचा आजार, पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) संशोधकांना प्रथम पीतज्वराची शंका आली होती. ती खरी ठरती तर डासांचा माग काढावा लागला असता. प्रत्यक्षात विषाणू निघाला तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला, आणि पुढचे सगळे काम जंगलातल्या गोचिडांवर येऊन ठेपले. मुख्य वाहक ठरलेली हीमाफायसालिस स्पिनिजेरा ही जात आयुष्याच्या तिन्ही अवस्थांत वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पिते. माणसाला चावते ती बहुधा मधल्या, म्हणजे निम्फ अवस्थेत, आणि या निम्फ कोरड्या महिन्यांत, नेमक्या काजू वेचण्याच्या दिवसांत, पातेऱ्यात वाढलेल्या असतात.

म्हणून आधी गोचीड ओळखायला शिका. पातेऱ्यावरून पांढरे फ्लॅनेलचे कापड ओढत न्यायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात ठरवायची, हे काम कंटाळवाणे वाटते. पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) मात्र कोणतीही बरी प्रयोगशाळा काही महिन्यांत शिकवते, त्यामुळे त्याची घाई नको.

प्रवेशासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा द्यावी किंवा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवावी. पुण्याच्या संस्थेखेरीज पुदुच्चेरीचे वाहक नियंत्रण संशोधन केंद्रही पाहावे. सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राची एम.एस्सी. तेथे शिकवली जाते. जिवंत विषाणूवरचे काम उच्च जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच होते, त्यामुळे आपल्या विषयाला ती लागणार का आणि तेथे विद्यार्थ्यांना काम करू देतात का, हे मार्गदर्शकांना नोंदणीपूर्वीच विचारावे.

प्रश्न मात्र गावातूनच घ्यावा. प्रौढ गोचिडी गुरांवरही पोसल्या जातात, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिढीच पुढे निम्फ होते. मग ज्या काजूबागांत गुरे चरतात तेथे पुढच्या हंगामात निम्फ अधिक सापडतात का, एवढ्यावरही प्रबंध उभा राहू शकतो.