मुलीचा नंबर सव्वातीन आहे, वय अकरा. रात्री घालायच्या ऑर्थो-के लेन्सनी नंबर कायमचा जातो का? घ्याव्यात का?

कायमचा जात नाही. रात्रभर ती कडक लेन्स बुबुळाचा मधला भाग किंचित सपाट करते, म्हणून सकाळी काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. घालणं सोडलं की काही दिवसांत बुबुळ पुन्हा होतं तसं. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २००२ साली अशा लेन्स रात्री घालायला परवानगी दिली ती मायनस ६ पर्यंत, त्यामुळे मायनस सव्वातीन त्यात आरामात बसतो.

पण घ्यायच्या आधी घरात एक विचारा: रात्री दहाला बेसिनपाशी कोण उभं राहणार? लेन्स पोरीच्या डोळ्यात असते, नोकरी आईची असते. सकाळी लेन्स बुबुळाला चिकटून बसलेली असते. थेंब टाकायचे, उघडझाप करायला लावायची, लेन्स हलतेय हे दिसलं की मगच छोट्या रबरी सक्शनने काढायची. घाईत ओढली तर बुबुळ खरवडतं. आणि खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असते.

आमची पोरगीही ह्याच लेन्स घालते. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं साताऱ्याला. मेंदीच्या रात्री माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, म्हणून म्हटलं आज बाबांनी घालावी लेन्स. बाबांनी ते काम ताईंकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे सरकवलं. मी पोचेपर्यंत ताईंनी लेन्स जारच्या पाण्याने छान खळखळून धुतली होती. सोल्यूशनची बाटली शेजारीच! "आपण पितोच की हे पाणी," हे त्यांचं. "एवढं काय त्यात," हे आमच्या ह्यांचं.

त्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. पोटाला तो काही करत नाही, पण लेन्सवर बसून रात्रभर मिटलेल्या डोळ्यात राहिला तर बुबुळावर फूल पडून नजर जाऊ शकते. नळाचं, जारचं, आरओचं, कुठलंच पाणी लेन्सला चालत नाही. त्या रात्री मी लेन्स घालू दिली नाही. मंडपात दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोरीला धूसर दिसायला लागलं. जुना चष्मा तेव्हा उपयोगाचा नसतो, कारण बुबुळ अर्धवट सपाट असतं आणि पूर्ण नंबर जास्त होतो. म्हणून कमी नंबरचा एक चष्मा माझ्या पर्समध्ये कायम असतो, तो लावला. सगळ्या फोटोंत चष्मा आला. "भाचीला ढापणी करून उभी केली" हे मी अजून प्रत्येक सणाला ऐकते. ऐकते आणि वाढते.

बरं, मग आम्ही ह्या भानगडीत पडलो कशाला? तर नंबर वाढायचा वेग कमी व्हावा म्हणून. डोळा लांबत जातो तसा मायनस नंबर वाढतो. हाँगकाँगमध्ये मुलांवर झालेला अभ्यास २०१२ साली छापून आला. दोन वर्षांत चष्मेवाल्यांच्या डोळ्याची लांबी ०.६३ मिमी वाढली, लेन्सवाल्यांची ०.३६. मला तेवढं पुरेसं वाटलं. फोटोत बरं दिसावं एवढ्यासाठी घेणार असाल तर खुशाल चष्मा लावा, स्वस्तात सुटाल.

खर्च डॉक्टरागणिक बदलतो, त्यात लेन्स ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, सोल्यूशन वेगळं. बुबुळाचा नकाशा काढणारं टोपोग्राफी मशीन जिथे नाही तिथे बसवून घेऊ नका. ॲलर्जीने सतत डोळे चोळणारं मूल असेल तर हे नकोच. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि दिवसा स्वच्छ दिसतंय म्हणून डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी टाळू नका. लांबलेला डोळा आतून लांबलेलाच राहतो.

आणखी एक, कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या थेंबांचंही डॉक्टरांना विचारून घ्या. तेही वाढ मंदावण्यासाठीच देतात. झोपताना एकेक थेंब. तो बाबांनाही घालता येतो.