‘सर तर गेले, मग ती अजून का घाबरते?’

‘त्या माणसाला पोलिसांनी धरलंय ना, मॅडम. आता शाळेच्या मागे लागून काय मिळणार? पोरीला तिथंच शिकायचंय.’ ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेला अत्याचार उघड झाला. तेव्हापासून हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक वाढले आहेत. आया तो हळू आवाजात विचारतात, वडील थोडे चिडून.

चौथीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथे मनू म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खेळाच्या सरांनी साहित्याच्या खोलीत तिच्याशी लैंगिक चाळे केले होते. घरी कळल्यावर आईवडील मुख्याध्यापकांकडे गेले. संस्थेने दोन दिवसांत सरांचा राजीनामा घेतला आणि ‘आम्ही आमच्या पातळीवर मिटवलंय, मुलीचं नाव कशाला चव्हाट्यावर आणता?’ असं सांगितलं. असा राजीनामा मुलांसाठी फार घातक असतो. माणूस कोऱ्या पाटीने दुसऱ्या शाळेत रुजू होतो, तिथल्या मुलांना काहीच ठाऊक नसतं.

पहिल्याच भेटीत पालकांना स्पष्ट सांगावं लागलं की ही गोष्ट या खोलीत ठेवता येणार नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं. समुपदेशक, डॉक्टर, शिक्षक, कुणीही सुटत नाही. खात्री पटेपर्यंत थांबायचीही गरज नाही, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. वडिलांनी विचारलं, ‘आणि तिचं नाव?’ कलम २३ मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. नाव बहुतेक वेळा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फुटतं, म्हणून त्या ग्रुपवर एक अक्षरही लिहायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. गुन्हा त्याच संध्याकाळी नोंदवला गेला. पोलीस ठाण्यात नोंदवून घेतलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येतं. शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांकडे.

सर अटकेत गेले. तरी मनू शाळेत जाईना. दप्तर भरलं की पोटात दुखायचं.

‘आता तर तो माणूस तिथे नाही,’ आई म्हणाली. ‘मग ही घाबरते कुणाला?’

घटनेबद्दल मनूला पुन्हा विचारायचं नव्हतं. चार जणांनी चार वेळा विचारलं की मूल गोंधळतं, आणि त्याच गोंधळावर उलटतपासणीत बोट ठेवलं जातं. म्हणून दोन भेटी नुसत्या खेळण्यात आणि गप्पांत गेल्या. तिसऱ्या भेटीत एवढंच विचारलं, ‘शाळेतली कुठली जागा नको वाटते?’

वाटलं होतं, मैदान म्हणेल. ती म्हणाली, ‘स्टाफरूम.’

बराच वेळ ती खोडरबर कुरतडत बसली. मग आपणहून बोलली, ‘मी बाईंना सांगितलं होतं. आधीच. त्या म्हणाल्या, सरांबद्दल असं बोलायचं नसतं. मग तो परत आला.’

आई पदर तोंडाशी धरून रडली. मनूची भीती त्या क्षणी समजली. इतके दिवस सगळे एका माणसाकडे बघत होते. मनूच्या लेखी मात्र मोठ्या माणसांचं जगच खोटं पडलं होतं: सांगूनही कुणी ऐकलं नाही, म्हणजे चूक आपलीच. माझं मत यावर ठाम आहे. मुलाचं मन त्याच्या भोवतीच्या नात्यांतच मोडतं आणि तिथंच सांधतं, त्यामुळे ज्यांनी कानाडोळा केला त्यांना जाब विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. मनूला एवढंच म्हणाले, ‘तू बरोबर केलंस. ऐकायचं काम बाईंचं होतं.’ ती पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघत म्हणाली, ‘हो ना?’

कायदाही हेच सांगतो. माहिती असून न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरवरचा न कळवण्याबद्दलचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ‘आधी आमच्या पातळीवर चौकशी होऊ द्या’ या संस्थेच्या सबबीला कायद्यात जागा नाही.

मनूच्या पालकांनी दोन गोष्टी केल्या. बाईंना सांगितल्याचा भाग तपास अधिकाऱ्यांकडे पुरवणी जबाबात नोंदवायला अर्ज दिला. आणि मुख्याध्यापक व संस्थेच्या अध्यक्षांना एक पानी पत्र लिहिलं, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. त्यात रागाचा एक शब्द नव्हता, फक्त प्रश्न होते. तक्रार प्रथम कुणाला, कोणत्या तारखेला कळली? पोलिसांना केव्हा कळवलं? नेमणुकीपूर्वी सरांची पोलीस पडताळणी झाली होती का? मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कुणासमोर उघडतात? सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, हेही त्यात होतं. ही मागणी खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवी, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं, आणि इथे थोडं गेलंच. पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय शाळेतून निघायचं नाही. तोंडी तक्रार झालीच नव्हती, असं नंतर सहज म्हटलं जातं. माफीनाम्यावर किंवा ‘आमची तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. आणि मुलाला त्या माणसासमोर बसवून विचारपूस करू देऊ नका, कितीही गोड बोलून बोलावलं तरी.

पुरवणी जबाब मनूच्या घरी झाला. महिला पोलीस उपनिरीक्षक साध्या कपड्यांत आल्या होत्या, आई शेजारी होती. लिहून झाल्यावर मनूने विचारलं, ‘बाईंचं पण लिहिलं ना?’ त्यांनी कागद तिच्याकडे वळवला आणि ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. मनूने ती पुन्हा एकदा, स्वतः वाचली.