मुलगा अल्पवयीन असताना एखाद्या जर्मन राजघराण्यातील स्त्रीने राज्यकारभार चालवल्याचे उदाहरण आहे का? तिचे जीवन कसे होते?

अशी उदाहरणे बरीच आहेत, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लिपे या छोट्या संस्थानाची राणी पाउलीन. लिपे आज जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात आहे आणि त्याची राजधानी डेटमोल्ड होती.

पाउलीनचा जन्म २३ फेब्रुवारी १७६९ रोजी बालेनश्टेट येथे, आनहाल्ट-बेर्नबुर्गच्या राजघराण्यात झाला. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. वडिलांनी तिला भावाच्या बरोबरीने लॅटिन, फ्रेंच, इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवले व तेराव्या वर्षापासून आपला फ्रेंच पत्रव्यवहार तिच्याकडे सोपवला. १७९६ मध्ये तिचा विवाह लिपेचा राजा पहिला लेओपोल्ड याच्याशी झाला. त्याला पूर्वीच मानसिक आजार झालेला होता. एप्रिल १८०२ मध्ये तो वारला, तेव्हा थोरला मुलगा अवघा पाच वर्षांचा होता. सरदार आणि नगरांच्या प्रतिनिधींच्या सभेला तिच्या हाती कारभार जाणे फारसे रुचले नव्हते, तरी मे महिन्यात तिने सूत्रे हाती घेतली.

त्याच उन्हाळ्यात तिने डेटमोल्डला लहान मुलांना सांभाळणारी संस्था सुरू केली. पॅरिसमधील अशाच एका योजनेची वार्ता तिच्या वाचनात आली होती. गरीब बायका शेतावर कामाला गेल्या की त्यांची अंगावरून सुटलेली, पण शाळेत जाण्याएवढी न झालेली मुले घरी एकटी पडत, म्हणून ही संस्था जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे शेतीच्या हंगामात, चालत असे. मुलांना धुऊन-पुसून स्वच्छ कपडे घालत आणि जेवू घालत. सांभाळायला अनाथाश्रमातील व उद्योगशाळेतील मोठ्या मुली असत आणि देखरेखीसाठी घरंदाज स्त्रिया आपापल्या ठरलेल्या दिवशी विनामोबदला येत. बालवाडीचे जनक मानले जाणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालवाडीला अजून साडेतीन दशकांहून अधिक अवकाश होता. दानधर्म करणाऱ्या राण्या पुष्कळ झाल्या, पण मजूर बाईचे वेळापत्रक पाहून संस्थेचे वेळापत्रक ठरवणारी राणी विरळाच, आणि माझ्या मते पाउलीनची खरी थोरवी यातच आहे.

परराष्ट्र व्यवहार ती स्वतः पाही. नेपोलियनच्या काळात शेजारची संस्थाने एकामागून एक गिळली जात असताना एप्रिल १८०७ मध्ये तिने लिपेला ऱ्हाइन संघात, म्हणजे नेपोलियनच्या छत्राखालील जर्मन संस्थानांच्या संघात, सामील केले व त्याच वर्षी पॅरिसला जाऊन नेपोलियनची भेटही घेतली. राज्य टिकले, पण त्याची किंमत लिपेच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी स्पेन आणि रशियाच्या रणांगणांवर मोजली. नेपोलियनवरील तिचा विश्वास इतका दृढ होता की १८१३ च्या पराभवापर्यंत तिने त्याची बाजू सोडली नाही, आणि हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

प्रतिनिधी सभेशी तिचे फाटले ते १८०५ मध्ये. मद्यावर कर बसवण्याची तिची सूचना सभेने फेटाळली आणि पुढे तिने सभेला जवळपास बाजूलाच ठेवले. २७ डिसेंबर १८०८ चा भूदासत्व (शेतकऱ्याला जमीनमालकाशी बांधून ठेवणारी प्रथा) रद्द करणारा हुकूम तिने सभेच्या इच्छेविरुद्धच काढला व तो १ जानेवारी १८०९ पासून अमलात आला. कुळाचा मृत्यू झाला की मालकाला घरातील किमती चीजवस्तू द्यावी लागे, ती सक्ती त्यामुळे संपली. जी स्त्री सभेचे ऐकत नव्हती, तिच्याच एकहाती सत्तेने शेतकरी मोकळा झाला, ही गोष्ट तिला केवळ हुकूमशहा म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी. १८१८ मध्ये तर कर्जात बुडालेल्या लेमगो शहराचे महापौरपदही तिने स्वतःकडे घेतले.

१८१९ मध्ये तिने नव्या राज्यघटनेची घोषणा केली. त्यामुळे सरदारांचे जुने हक्क कमी होणार होते, म्हणून त्यांनी जर्मन संघाच्या, म्हणजे नेपोलियननंतर स्थापन झालेल्या जर्मन राज्यांच्या संघाच्या, परिषदेकडे दाद मागितली आणि परिषदेने ती घटना रोखली. जुलै १८२० मध्ये तिने मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या लेओपोल्डच्या हाती राज्य सोपवले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला डेटमोल्ड येथे तिचे निधन झाले. लिपेला राज्यघटना मिळाली ती १८३६ मध्ये, याच मुलाच्या कारकिर्दीत.