वाचकांचे प्रश्न : इंजिनातील नॉकिंगवर कमी खर्चात नजर कशी ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. गाडी वापरलेली घेतली असून आधीच्या मालकाने ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातील आकडे बदलून, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवून घेतला होता, एवढेच मला ठाऊक आहे. कात्रजचा घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढताना, विशेषतः दुपारच्या उन्हात, बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते. गॅरेजमध्ये ‘एवढे चालायचेच’ असे सांगितले गेले. एका परिचितांनी दिवे लुकलुकणारा नॉक मीटर बसवण्यास सुचवले, परंतु तो मला परवडणारा नाही. पाच हजार रुपयांच्या आत खात्रीलायक तपासणी होऊ शकेल का?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : होऊ शकेल, आणि त्यासाठी कोणताही नवा मीटर विकत घ्यावा लागणार नाही. आपल्या इंजिनाच्या ब्लॉकवर कारखान्यातूनच दोन नॉक सेन्सर (नॉकिंगची कंपने टिपणारे) बसवलेले आहेत. त्यांतील एक पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरा तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरवर लक्ष ठेवतो. नॉकिंग (मिश्रण आपोआप, एकदम पेटणे) जाणवताच ईसीयू त्या सिलिंडरचे टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) काही अंश मागे घेतो, म्हणजे स्पार्क उशिरा देतो, आणि धोका टळल्यावर हळूहळू पूर्वपदावर आणतो. किती अंश मागे घेतले, हा आकडा ईसीयूमध्ये असतोच. तो वाचण्याची सोय तेवढी करावयाची आहे.

‘एवढे चालायचेच’ हे मत मात्र मला मान्य नाही. स्पार्कने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना तिच्यापुढे उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप, एकदम पेटते, तेव्हा ज्वलनकक्षातील वायू जोराने कंप पावतो; हेच नॉकिंग. आपल्या इंजिनाच्या ८१ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्या कंपनाची मुख्य वारंवारता साधारण ७ किलोहर्ट्झ येते. हे वारंवार घडू लागले की पिस्टनचा माथा आणि रिंगांमधील धातूच्या कडा झिजतात, तुटतात. ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो हे खरे असले, तरी ज्वलन उशिरा संपल्यामुळे एक्झॉस्ट अधिक तापतो आणि ती उष्णता टर्बोला सोसावी लागते. रीमॅप केलेल्या गाडीत तर मूळ कारखान्याने राखून ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा आधीच काही प्रमाणात वापरली गेलेली असते.

केवळ कानावर मात्र विसंबू नये. एक्झॉस्टजवळची सैल हीट शील्ड किंवा वेस्टगेटचा (टर्बोचा बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) खिळखिळा झालेला दांडा हुबेहूब अशीच टिकटिक करतो. उलट पूर्ण बूस्टवर, जेव्हा नॉकिंग सर्वाधिक घातक असते, तेव्हा ते इतर आवाजांत पार बुडून जाते.

आपल्या पिढीच्या गाडीसाठी लॅपटॉप ईसीयूला जोडणारी, ‘केकेएल’ या नावाने मिळणारी साधी यूएसबी केबल पुरते. ती आपल्या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते आणि घरातील जुना लॅपटॉप चालतो. व्हीसीडीएस-लाइट या प्रोग्राममध्ये इंजिनाचा मेझरिंग ब्लॉक (ईसीयूतील आकड्यांचा गट) ०२० उघडला की चारही सिलिंडरचे मागे घेतलेले टायमिंग अंशांमध्ये दिसते. ब्लॉक ०२६ मध्ये नॉक सेन्सरचे व्होल्टेज आणि ब्लॉक ११५ मध्ये अपेक्षित व प्रत्यक्ष बूस्ट दिसतो. एका वेळी एकच ब्लॉक उघडा ठेवावा, कारण जुन्या के-लाइनचा (ईसीयूशी संवाद साधणाऱ्या तारेचा) वेग कमी आहे आणि ब्लॉक वाढवले की नोंदी विरळ होतात. बॉशचा एमई ७ ईसीयू असल्यास एमई-सेव्हन-लॉगर हा मोफत प्रोग्राम याच केबलवर कितीतरी दाट नोंदी देतो, म्हणून थोडी खटपट करण्याची तयारी असेल तर माझी पसंती त्याला आहे. ब्लूटूथचा स्वस्त ईएलएम ३२७ अडॅप्टर आणि मोबाइलमधील ॲप यांवर एकूण टायमिंग दिसते, पण नॉकिंगमुळे कोणत्या सिलिंडरचे किती मागे गेले हे सर्वसाधारण ओबीडी (गाडीच्या निदान-प्रणालीच्या) आकड्यांत नसते. त्यामुळे या कामाला तो अपुरा आहे.

नोंद घेताना शेजारी दुसरी व्यक्ती लॅपटॉप सांभाळणारी असावी. चालकाने पडद्याकडे पाहता कामा नये. इंजिन पूर्ण तापल्यावर मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ४,००० आरपीएमपर्यंत एकदाच पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. त्याहून वरच्या आरपीएमच्या नोंदी रस्त्यावर न घेता तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजमाप घेणाऱ्या यंत्रावर) घ्याव्यात. हीच चाचणी एकदा सकाळच्या गारव्यात आणि एकदा दुपारी, वेगळ्या नोंदीत इनटेक हवेचे तापमान पाहून करावी. आपल्या गाडीचा मूळ इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा) लहान असून बंपरच्या कोपऱ्यात बसवलेला आहे. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या गर्दीत रेंगाळल्यावर तो इतका तापतो की घाटाच्या पहिल्या चढावर इंजिनाला गरम हवाच मिळते, आणि आपली तक्रार दुपारचीच आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. त्याच्या जाळीत चिखल व पालापाचोळा अडकला आहे का, हेही पाहून घ्यावे.

आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. एखाद्या सिलिंडरवर क्षणभर दोन-तीन अंश दिसले तर चिंतेचे कारण नाही. चारही सिलिंडर प्रत्येक चाचणीत सहा अंश किंवा त्याहून मागे जात असतील, तर इंधन, हवेचे तापमान किंवा रीमॅप यांपैकी काहीतरी निश्चित चुकते आहे. एकच सिलिंडर सतत मागे जात असेल तर त्याचा प्लग काढून पाहावा; चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा ॲल्युमिनियमचे चकाकते कण दिसले, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडीवर जोर देऊ नये. तिसरा आणि चौथा सिलिंडरच मागे जात असतील, तर त्या बाजूच्या सेन्सरवर किंवा जवळच्या सैल ब्रॅकेटच्या खडखडाटावर संशय घ्यावा. सेन्सरच्या बोल्टचा टॉर्क २० न्यूटन-मीटर असतो, त्याखाली वॉशर घालायचा नसतो आणि ब्लॉकचा पृष्ठभाग स्वच्छ असावा लागतो. अनेक गॅरेजमध्ये हा बोल्ट अंदाजानेच आवळला जातो, म्हणून टॉर्क रेंचचा आग्रह धरावा.

उरलेल्या पैशांत ऐकण्याचे साधन करता येईल. नाना पेठेत जुना चालू नॉक सेन्सर मिळाला, तर तो ब्लॉकवरील एखाद्या मोकळ्या आट्यांच्या छिद्रात घट्ट बसवावा, शिल्डेड वायरने पिझो पिकअपसाठी (कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या सेन्सरसाठी) असलेल्या प्रीअँपला (संकेत वाढवणाऱ्या छोट्या उपकरणाला) जोडावा आणि आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करावा. या कामाचे सुटे भाग तापकीर गल्लीत मिळतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये आवाजाचा स्पेक्ट्रम पाहिला की ७ किलोहर्ट्झच्या आसपास उठणारे टोक टिपता येते आणि त्याची वेळ ईसीयूच्या नोंदीशी ताडून पाहता येते. दोन्हीकडे एकाच क्षणी खूण दिसली तर शंकेला जागा उरत नाही. मात्र गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरला फाटा फोडून हा आवाज घेऊ नये. ईसीयूला मिळणारा संकेत दुबळा झाला, तर संरक्षणच नाहीसे होईल. लुकलुकणाऱ्या मीटरची संवेदनशीलता हाताने ठरवावी लागते आणि ती ठरवायला खरे नॉकिंग कोणते हे आधी ठाऊक असावे लागते, म्हणून तो न घेण्याचा आपला निर्णय योग्यच आहे.

नॉकिंग सिद्ध झाले तर टाकी जवळजवळ रिकामी करून ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल भरावे आणि तीच चाचणी पुन्हा करावी. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, परंतु ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक सोडावे लागते. म्हणून ब्लॉक ०३२ मधील लॅम्बडाची (हवा-इंधन प्रमाणाची) दुरुस्ती अधिक १० टक्क्यांजवळ गेली आहे का, हे पाहावे; तसे असल्यास इंजिन इंधनासाठी आसुसलेले आहे आणि फ्युएल पंप, फिल्टर व हवेची गळती आधी तपासली पाहिजे. हे सारे ठीक असूनही टायमिंग मागेच जात राहिले, तर या नोंदी घेऊन रीमॅप करणाऱ्याकडे जावे आणि बूस्ट कमी करून मागावा. महागड्या पेट्रोलवर भिस्त ठेवून तोच रीमॅप चालू ठेवणे मला पटत नाही, कारण लांबच्या प्रवासात ते पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळेलच असे नाही.

प्रश्न : माझ्या नव्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या एक लिटर टर्बो गाडीत पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला असता एकदाच ‘ठक्क’ असा मोठा आवाज झाला. नोंदींत त्याआधी टायमिंग मागे गेलेले दिसत नाही.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपण वर्णन केलेला प्रकार नेहमीच्या नॉकिंगपेक्षा वेगळा दिसतो. कमी आरपीएम आणि जास्त भार असताना ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. त्यामुळे टायमिंग मागे घेऊन तो टाळता येत नाही, आणि एकाच तडाख्यात पिस्टन फुटू शकतो. इंजिन ऑइल एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस किंवा एसपी दर्जाचे आहे का, हे डब्यावर पाहावे. मॅन्युअलमध्ये कंपनीचा स्वतःचा दर्जा दिलेला असेल, तर तोच पाळावा. चढावर किंवा ओव्हरटेक करताना आधी गिअर खाली आणावा आणि मगच ॲक्सिलरेटर द्यावा. आवाज पुन्हा झाला तर गाडी न ताणता सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.