जुन्या कोडला हात लावताना

प्रश्न : मी गेली दोन वर्षे एका मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालीवर काम करते आहे. तिचे बरेचसे भाग माझ्या आधीच्या लोकांनी लिहिले असून त्यांपैकी कोणीही आता तेथे नाही. लहानसा बदल करतानाही भलतेच काही बंद पडेल, अशी धास्ती वाटते. सहकाऱ्यांना सारे उमगते, मलाच नाही, असे वाटत राहते. काय करावे?

उत्तर : एवढी प्रणाली कोणा एकाच्या डोक्यात मावत नाही, आपल्या सहकाऱ्यांच्याही नाही. आपल्याला नेमके काय ठाऊक नाही याचे भान आणि ते शोधण्याची शिस्त, हीच अनुभवी अभियंत्याची खरी कमाई असते.

आपली धास्ती मात्र निराधार नाही. २०१२ च्या जुलैअखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, पण तो सातांवरच चढला. २००३ पासून वापरात नसलेली एक सुविधा जुन्या कोडमध्ये तशीच पडून होती आणि तिचाच जुना फ्लॅग (सुविधा चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरला गेला होता. त्यामुळे १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवर ती जुनी सुविधा जागी झाली व सौद्यांचा पूर आला. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्यातही लक्षात घेण्याजोगे हे, की गोंधळ आवरण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला, तेव्हा तेथेही जुनी सुविधा चालू होऊन संकट वाढले. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते, परंतु त्यांकडे इशारा म्हणून पाहण्याची पद्धतच नव्हती.

म्हणून बदल मागे घेण्यापूर्वीही ‘मागे गेल्यावर नेमके काय चालू होईल?’ हे आधी लिहून ठेवावे. मला ही सवय सर्वांत मोलाची वाटते. निरुपयोगी कोड दिसला, तर तो स्वतंत्र बदल म्हणून काढावा. दुसऱ्या कामात मिसळू नये.

समज वाढवण्यासाठी एकच विनंती निवडावी, उदाहरणार्थ ग्राहकाने पत्ता बदलणे, आणि तिचा क्रमांक लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवत असलेल्या नोंदींमध्ये, शोधत ती कोणत्या सेवेतून, कामांच्या रांगेतून आणि माहितीच्या तक्त्यातून जाते ते पाहावे. जेथे माग सुटतो, तेथे लॉगची एक ओळ वाढवावी. बदलापूर्वी कोडचे आजचे वर्तन नोंदवणारी चाचणी लिहावी. ते वर्तन चुकीचे वाटले तरी आधी तसेच नोंदवावे, कारण दुसरा एखादा भाग त्यावरच विसंबून असू शकतो.

राहिला प्रश्न सहकाऱ्यांचा. त्यांपैकी सर्वांत जुन्या व्यक्तीला ‘तुम्हाला कोणत्या भागाला हात लावायची भीती वाटते आणि का?’ असे थेट विचारावे व उत्तर कोडशेजारीच नोंदवून ठेवावे.