हळदीकुंकवाला पंचवीस बायकांसाठी फळांचं ताट आणि दह्याचं डिप कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की रथसप्तमीला हळदीकुंकू आहे, पंचवीसेक बायका आणि काहींची लहान मुलं येतील, तळणाऐवजी फळं आणि सोबत बुडवून खायला काहीतरी दाट ठेवायचंय. पण मागच्या खेपेला सफरचंद काळं पडलं आणि डिपचं संध्याकाळपर्यंत ताक झालं. आमच्याकडे गेली सात वर्षं मी हेच ठेवते. पहिल्या वर्षी माझीही वाटी तशीच झाली होती. कडेनं पिवळसर पाणी, मधे दह्याचा गोळा आणि त्यात स्ट्रॉबेरीचा लाल ओघळ. तेव्हापासून एकच गोष्ट धरून चालते, ती म्हणजे पाणी. दह्यातलं पाणी, फळं धुतल्यावर त्यांच्या अंगावर राहिलेलं पाणी आणि साखरेनं सुटणारं पाणी. तिन्हीकडे लक्ष दिलंत की ताट तीन तास छान राहतं.

डिपचं काम आदल्या दिवशीचं आहे, म्हणून आधी तेच सांगते. विकतचं मेयोनीज नको, व्हीप्ड क्रीमही नको. आपला चक्का या कामाला सगळ्यात चांगला. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाचं दोन किलो दही घ्या, गोड लागलेलं. थंडीत विरजण उशिरा लागतं, त्यामुळे अंदाजाने वेळ हाताशी ठेवा. चाळणीत स्वच्छ पंचा अंथरा, दही ओता, पुरचुंडी बांधा आणि वर धुतलेला वरवंटा ठेवा. खाली पातेलं. हे सगळं रात्रभर फ्रीजमध्ये. बाहेर नळाला टांगलं की पाणी लवकर गळतं खरं, पण दही आंबत जातं, आणि आंबट डिपसोबत फळं बेचव लागतात. सकाळी आठशे-नऊशे ग्रॅम चक्का मिळतो. तो झाला की नाही हे बघायला बोटानं खळगा करा. खळगा तसाच राहिला आणि त्यात पाणी जमलं नाही, तर झाला. जमलं तर आणखी दोन तास. गळलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

मग चक्का पुरणयंत्रातून काढा. मिक्सरला लावला की सैल पडतो, म्हणून हा थोडा खटाटोप करायचाच. त्यात चार मोठे चमचे घरची साय घोटून, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि एका संत्र्याच्या सालीचा वरवर काढलेला कीस. खालचा पांढरा भाग किसात येऊ देऊ नका, कडवटपणा येतो. साय नसेल तर डब्यातली फ्रेश क्रीम चालेल, पण ती फेटून फुगवण्याच्या नादी लागू नका. त्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण 25 टक्के असतो आणि फुगायला तो तिशीच्या पुढे लागतो. दोन-तीन चमचे नुसती मिसळा, बास.

साखर मात्र पाहुण्या यायच्या तासभर आधी. साखर पडली की चक्का सैल होतो, हे श्रीखंड करणारीला सांगायला नको. श्रीखंडाला आपण चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालतो. इथे आठशे ग्रॅमला शंभर ग्रॅम पिठीसाखर पुरे. इथेच बहुतेकांचं चुकतं असं मला वाटतं. डिप फळापेक्षा गोड झालं की त्यानंतर खाल्लेली स्ट्रॉबेरी आंबट लागते आणि सफरचंद पाणचट. चाखून बघताना नुसतं चमच्यानं बघू नका, फळाच्या फोडीला लावून बघा. मध घालायचा मोह होईल, तो वरून एखादा चमचा सोडा, आत नको.

संक्रांतीचे दिवस आहेत, तर तीळ हवेतच. खमंग भाजून भरड कुटायचे. पण ते डिपमध्ये न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा, कारण बऱ्याच घरांत उपासाला तीळ चालत नाहीत आणि येणाऱ्यांत एखादीचा उपास असतोच.

आता फळं. पंचवीस बायकांना माणशी दीडशे ग्रॅम चिरलेलं फळ धरा, म्हणजे पावणेचार किलो, आणि मुलांसाठी थोडं वर. त्यासाठी साडेपाच किलो तरी आणावं लागतं. द्राक्षं जवळपास सगळी वापरात येतात, पण अननस सोलून डोळे काढले की निम्माच उरतो.

खरेदीत एक फरक लक्षात ठेवा. चिकू, पपई, पेरू, केळी घरी आणून पिकतात. ती दोन-तीन दिवस आधी घ्या. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्री, डाळिंब तोडल्यावर आणखी पिकत नाहीत, जशी आणाल तशीच राहतात. म्हणून स्ट्रॉबेरी देठापर्यंत लाल असलेलीच घ्या. खांद्याशी पांढरी असेल तर ती तशीच आंबट राहणार. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि रथसप्तमीच्या सुमारास हंगाम भरात असतो. पण खोका उलटा करून बघितल्याशिवाय घेऊ नका, चेचलेली फळं तळाशी असतात. नागपुरी संत्र्याचं म्हणाल, तर आंबिया बहार डिसेंबरपर्यंत संपत येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चचा. तुम्ही नेमक्या दोन्हींच्या मधे आहात, तेव्हा एक सोलून खाऊन मगच किलो तोलायला सांगा.

डिपला काय घ्यायचं? स्ट्रॉबेरी, अर्धवट पिकलेला पेरू, सफरचंद, द्राक्षं, संत्र्याच्या फोडी आणि घट्ट पपई. पिकलेला चिकू काडीवरून गळतो, म्हणून तो थोडा कडक असतानाच चिरायचा, तोही अगदी शेवटी. डाळिंबाचे दाणे कोणी बुडवत बसत नाही, ते डिपवर पसरा. बोरं आणि उसाच्या गंडेऱ्या ताटाच्या कडेला ठेवा. डिपशी त्यांचा संबंध नाही, पण मुलं आधी त्यांवरच येतात. केळं मी ठेवत नाही. पाव तासात तपकिरी होतं.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा. देठ काढून धुतली की पाणी आत शिरतं आणि तेच पुढे डिपमध्ये उतरतं. शिवाय देठ ही आयती मूठ आहे, काडी लागत नाही. धुतलेली सगळी फळं पंचावर एकेक सुटी पसरून तासभर वाळू द्या. मी पंख्याखाली ठेवते. ओल्या द्राक्षाला डिप चिकटत नाही, घसरतं. संत्र्याच्या फोडींचे पांढरे दोरे काढा, पण साल फोडू नका.

सफरचंद काळं पडतं ते चिरलेल्या भागाला हवा लागून. लिंबू पिळलं तर थांबतं, पण फोडी आंबट होतात. त्यापेक्षा एक लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा, फोडी चिरता चिरता त्यात टाका, दहा मिनिटांनी काढून साध्या पाण्यातून खळबळा आणि कोरड्या करा. खारट लागत नाहीत. पेरूला याची गरज पडत नाही.

पपई, अननस आणि किवीच्या फोडी डिपमध्ये मिसळून ठेवू नका. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं फोडतात आणि तासाभरात डिप कडवट होतं. बुडवून लगेच खाल्लं तर काही होत नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा आणि त्या वेगळ्या ताटलीत द्या. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. बोराच्या बियांचंही तेच, मुलांच्या आयांना आठवण करून द्या.

आता उष्ट्याचं. यावर तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आमच्याकडे खरी अडचण तीच झाली होती. मोठ्या ताटाच्या मधोमध सुंदर वाटी ठेवली होती. पहिल्या दोघी-तिघींनी बुडवून खाल्लं, एका मुलानं अर्धी खाल्लेली फोड पुन्हा बुडवली, आणि त्यानंतर माझ्या सासूबाईंच्या वयाच्या एकाही बाईनं त्या वाटीकडे हात नेला नाही. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी फक्त द्राक्षं उचलली. पुढच्या वर्षापासून मी पळसाचे लहान द्रोण आणते. डिपच्या वाटीत मोठा चमचा. आलेल्या बाईला कुंकू लावून वाण दिलं की द्रोणात चमचाभर डिप घालायचं, त्यावर तिला हवी ती फळं उभी रोवायची, वरून डाळिंब आणि विचारून तीळ. द्रोण हातात धरून गप्पा मारता येतात. ताट सगळ्यांचं आणि द्रोण जिचा तिचा. सासूबाई आता पहिला द्रोण स्वतः भरून देतात. पंचवीस जणींना साताठशे ग्रॅम डिप पुरतं.

डिप एकदम सगळं बाहेर काढू नका. स्टीलच्या दोन वाट्या फ्रीझरमध्ये गार करा, एक बाहेर, एक आत, आणि अर्ध्या तासानं बदला. फळंही निम्मी आत ठेवून लागतील तशी काढा. चिरलेलं फळ दोन तासांच्या वर बाहेर राहिलं तर माझ्याकडे ते पुन्हा ताटात जात नाही.

वेळेचं म्हणाल तर, सहाला बायका येणार असतील तर तीनला फळं धुवून पसरा, साडेचारला सफरचंद आणि पेरू, पाचला डिपमध्ये साखर, साडेपाचला पपई आणि चिकू. साडी नेसायला वेळ उरतो.

आतल्या वाटीत हात न लागलेलं डिप उरलं तर दुसऱ्या दिवशी आणखी साखर घोटून द्राक्षं, सफरचंद, डाळिंब घाला, फ्रूटखंड होतं. पुरी नसली तरी चालतं, आमच्याकडे मुलं पोळीशी खातात.